मुलीला मेकॅनिकल, मुलाला नर्सिंग: साइड निवडताना घरात नेमकं काय करायचं

बारावीचा निकाल लागला की आमच्या गल्लीतले चार-पाच आईबाप तरी माझ्याकडे येऊन बसतात, कारण मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेली बाई, त्यामुळे मला ॲडमिशनमधलं सगळं कळतं असा एक समज पसरलाय आणि मीही तो खोडत नाही. पोरीचं असेल तर विचारतात, ताई, हिला काय घेऊ? पोराचं असेल तर, ताई, ह्याला कुठं मिळेल? फरक बघा. पोराचं काय घ्यायचं ते आधीच ठरलेलं, फक्त कॉलेज शोधायचं असतं. पोरीचं अजून मोकळं आहे असं वाटतं खरं, पण तेही घरात ठरलेलंच असतं, फक्त बाहेरच्या कुणीतरी ते म्हणून दाखवावं एवढीच अपेक्षा असते, की कॉम्प्युटर घ्या, नाहीतर फार्मसी, नाहीतर बीएस्सी करून बीएड, घराजवळ होईल.

तर हे ज्यांची मुलं नववी ते बारावीत आहेत त्यांच्यासाठी, आणि त्या मुलांसाठीपण. सगळ्या मुलींनी मेकॅनिकल घ्या असं मी सांगणार नाहीये, मला स्वतःला थर्मो, म्हणजे थर्मोडायनॅमिक्स, कधी आवडलं नाही. नको तर नको. पण नको म्हणतोय ते नक्की कशामुळे, हे बघायची एक पद्धत आहे, ती सांगते.

आधी मार्कांचं डोक्यातून काढा. २०२५ च्या बारावीला आपल्या बोर्डात मुली ९४.५८ टक्के पास झाल्या आणि मुलं ८९.५१, आणि हे काही एका वर्षाचं नाही, दरवर्षी पेपरात तीच हेडलाइन असते, 'यंदाही मुलींची बाजी'. देशभरातलं उच्च शिक्षणाचं सरकारी सर्वेक्षण बघितलं, २०२१-२२ चं, तर सायन्सला मुली निम्म्याहून थोड्या जास्तच आहेत, ५२ टक्के. मेडिकल, नर्सिंग, फार्मसी धरून जे होतं त्यातपण मुली जास्त. आणि इंजिनिअरिंगला आलं की गाडी एकदम दहात तीनवर येते. इंजिनिअरिंगच्या आतपण परत वाटण्या आहेत, कॉम्प आणि आयटीच्या वर्गात मुली भरपूर, ईएनटीसीला (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम) बऱ्यापैकी, आणि मेकला (मेकॅनिकल) जाऊन बघा, साठच्या वर्गात हाताच्या बोटावर मोजाल.

आता कुणी म्हणेल की मुलींचा कलच तसा असतो, उपजत. मग अमेरिकेचं काय करायचं? तिथे १९८४ च्या आसपास कॉम्प्युटर सायन्सची डिग्री घेणाऱ्यांत बायका ३७ टक्के होत्या, पुढे त्या घसरत वीसच्याही खाली गेल्या, म्हणजे तिथे कॉम्प्युटर हा 'मुलांचा' विषय झाला. आपल्याकडे तोच कॉम्प्युटर मुलींचा विषय, का तर एसी ऑफिस, बसायचं काम, कंपनीची गाडी घरापर्यंत सोडते. विषय तोच, कोडिंग तेच, मुलींचे मेंदूपण तेच. एका देशात नको आणि एका देशात हवं, तर हे रक्तात असेल असं मला तरी पटत नाही, हे घरात बसून ठरतंय.

'आवड नाही' हे वाक्य सोलून बघा

वहीचं एक पान घ्या. डावीकडे मुलीला जी साइड 'नको' ठरलीये त्याची सगळी कारणं लिहा, आईने वेगळी, वडिलांनी वेगळी, मुलीने वेगळी, आणि एकमेकांचं बघू नका, नाहीतर वडिलांचंच कारण तीन वेळा लिहून होतं. मग प्रत्येक कारणापुढे एकच प्रश्न विचारायचा: हेच तिच्या भावाला सांगितलं असतं का? भाऊ नसेल तर चुलत भाऊ धरा, तो असतोच.

जिथे उत्तर 'नाही' येतं ती कारणं वेगळी काढा. ती सगळी खोटी नसतात हे लक्षात घ्या. शेवटची एसटी साडेपाचची आहे हे काही खोटं नाही. पण ते एसटीचं कारण आहे, आवडीचं नाही, आणि एसटीच्या कारणावर उपाय असतो. घोळ असा होतो की एसटी, होस्टेल, पैसे, लग्न, लोक काय म्हणतील, हे सगळं एका पिशवीत भरून वर 'तिला आवड नाही' अशी चिठ्ठी लावली जाते, आणि दोन-चार वर्षं ऐकून ऐकून पोरीलापण तेच खरं वाटायला लागतं.

मागच्या वर्षी एक जण मुलीला घेऊन आले होते, तालुक्यापासून वीसेक किलोमीटर आत वाडी, सीईटीला पोरीने मार्क चांगले पाडलेले. म्हणाले, हिला सिव्हिलची आवड नाही, कॉम्पच बघा. मी त्यांना झेरॉक्स काढायला पाठवलं (झेरॉक्स लागणार होत्याच, पण एवढी घाई नव्हती) आणि पोरीला विचारलं की घरी बांधकाम कधी झालंय का. एकदम खुलली. म्हणाली, दोन वर्षांपूर्वी वरचा मजला काढला तेव्हा गवंडीकाकांचा ओळंबा धरायला मीच असायचे, त्यांची भिंत एका ठिकाणी बाहेर आलेली मी दाखवली, काका चिडले पण दोन थर उतरवून परत बांधले. मग म्हटलं सिव्हिल का नको? तर कॉलेज पाचला सुटतं, प्रॅक्टिकल असलं की अजून उशीर, स्टँड तिथून तीन किलोमीटर आणि गावाकडची शेवटची गाडी साडेपाचला, आणि पप्पा म्हणतात कॉम्पला प्रॅक्टिकल घरी लॅपटॉपवर होतात. ते तसे होत नाहीत हा भाग वेगळा. वडील झेरॉक्स घेऊन आले तेव्हा आम्ही ब्रँचचं सोडून होस्टेलचं बोलत होतो. नंबर लागला, आणि ती सिव्हिललाच गेली.

हे काही आपल्या वाडीवस्तीचंच आहे असं नाही. दिल्ली विद्यापीठातल्या मुलामुलींवर एक अभ्यास झालाय, त्यात हेच दिसलं की जायचा रस्ता सुरक्षित वाटावा म्हणून मुली चांगल्या कॉलेजवर पाणी सोडतात आणि कमी दर्जाचं घेतात, प्रवासाला पैसे जास्त लागले तरी चालतं, मुलं त्या मानाने फार कमी तडजोड करतात. राजधानीत ही गत, तर आपल्या फाट्यावर संध्याकाळी उभं राहायचं म्हणजे काय ते आपल्याला माहितीये.

म्हणून गाडीचं वेळापत्रक, होस्टेल, कॉट बेसिसवर रूम मिळते का, मेस किती लांब, हे सगळं ब्रँच ठरवायच्या आधी बघा. ब्रँच ठरल्यावर नाही. आधी बघितलं की ते प्रश्न सुटतात तरी किंवा सुटत नाहीत हे तरी कळतं, आणि मग जे उरतं ती आवड.

गणिताचे मार्क कुणाशी लावायचे

हे नववी-दहावीवाल्यांनी नीट वाचा, कारण खरा फाटा इथेच फुटतो. समजा मुलीला गणितात ८८ आणि मराठीत ९५. मुलाला गणितात ८२ आणि मराठीत ६५. आता दोघांच्या घरी काय बोलणं होतं? मुलीच्या घरी, 'हिला भाषेची आवड आहे'. मुलाच्या घरी, 'ह्याचं गणित चांगलंय'. गणितात सहा मार्क जास्त कुणाला आहेत ते परत बघा.

मार्कांची तुलना आपण नकळत त्याच मुलाच्या दुसऱ्या विषयाशी करतो, आणि मुली बहुतेक भाषेत इतक्या पुढे असतात की त्यांचं चांगलं गणितसुद्धा त्यापुढे फिकं दिसतं. तेव्हा गणिताचे मार्क वर्गातल्या बाकीच्यांच्या गणिताशी लावा. शाळेतून विषयवार नंबर विचारून घ्या, बाई सांगतात. आणि 'माझं गणित कच्चं आहे' असं मुलगी म्हणाली तर कच्चं म्हणजे किती ते आकड्यात विचारा, मी ९१ मार्कवाल्या मुलीकडून हे वाक्य ऐकलंय, आणि ५८ वाल्या मुलाकडून 'गणित काय, होऊन जातं' हेपण ऐकलंय.

अकरावीला मॅथ्स सोडताना

फॉर्मवर ब्रँच लिहायची वेळ बारावीनंतर येते असं आपल्याला वाटतं. खरं तर अर्धं काम अकरावीच्या ऑगस्टमध्ये होऊन जातं, विषय निवडताना. बायो घेऊन मॅथ्स सोडलं, पीसीबी, की इंजिनिअरिंगची सीईटी गेली, आर्किटेक्चर गेलं, पुढे बीएस्सीला स्टॅटला जायचं तर तेही अवघड. आणि मॅथ्स घेऊन बायो सोडलं की बीएस्सी नर्सिंग, फिजिओ, डॉक्टरकी गेली, म्हणजे मुलांचा दरवाजा इथे बंद होतो. मुली मॅथ्स सोडतात, मुलं बायो सोडतात, दोघंही मैत्रिणी नाहीतर मित्र काय घेतात ते बघून सोडतात, आणि दोन वर्षांनी आम्हाला येऊन विचारतात की आता काही करता येतं का.

नक्की ठरलेलं नसेल तर दोन्ही ठेवा, पीसीएमबी. जड जातं, खोटं कशाला बोलू, आणि क्लासवाले एकच ग्रुप घ्या म्हणून मागे लागतात कारण त्यांच्या बॅचेस तशा असतात. पण निदान पहिले काही महिने ठेवून बघा, आणि सोडायचं झालं तर सोडायच्या आधी कागदावर लिहा की हा विषय सोडल्यावर कुठले कुठले कोर्स बंद होतात. ती यादी पोराने किंवा पोरीने स्वतः लिहायची. वाचून दाखवलेली लक्षात राहत नाही.

क्लासच्या वेळेचंपण बघा. मॅथ्सची बॅच संध्याकाळी साडेसात ते नऊ आणि बायोची सकाळी, एवढ्या कारणावरून बायोला गेलेल्या मुली मला माहिती आहेत. चार मुलींनी मिळून सरांना सांगितलं की वेळ बदलते, मी स्वतः बदलून घेतलीये. सरांना चार फिया सोडवत नाहीत.

कॉलेज बघायला जाल तेव्हा वर्कशॉपला जा

ऑफिस, बाग, गेटवरचा पुतळा, हे सगळे दाखवतात. तुम्ही म्हणायचं वर्कशॉप दाखवा, लॅब दाखवा. आणि तिथे उभं राहून विचारायचं, लेडीज टॉयलेट कुठंय. मेन बिल्डिंगकडे बोट दाखवलं तर समजून जा.

आमच्या वेळी हेच होतं. साठात आम्ही तीन मुली. फिटिंगच्या सेक्शनला पहिलाच जॉब मेल-फिमेलचा, म्हणजे माइल्ड स्टीलचे दोन तुकडे, एकाला खाच आणि एकाला तिच्यात बसेल असा उंचवटा, करवतीने कापून मग फायलिंग, म्हणजे कानशीने घासणं, करत करत असे जुळवायचे की उजेडात धरलं तर फटीतून उजेड दिसता कामा नये. जॉबचं नाव सरांनी फळ्यावर लिहिलं आणि मागच्या बाकांवर जे खिदळणं सुरू झालं ते पूर्ण सेमिस्टर चाललं. आम्हा तिघींना सर म्हणाले, तुम्ही जर्नल लिहा, जॉब ही मुलं करून देतील. चांगल्या मनाने म्हणाले हो, मुलींच्या हाताला फोड येतील म्हणून. दोघींनी दिला करून घ्यायला. मी हट्टाने घासत बसले, चार दिवस हाताला फोड होतेच, जॉब पकडायच्या व्हाइसची (शिकंज्याची) उंची माझ्या कोपरापेक्षा वर होती म्हणून खाली लाकडी फळी टाकून उभी राहायचे, आणि काटकोन तपासायचा ट्राय स्क्वेअर लावून बघितलं तर एक कोपरा कायम पडलेला. तो जॉब अजून माझ्याकडे आहे, पेपरवेट म्हणून. पण तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं बास्टर्ड फाइल (जाड दात्यांची कानस) आणि स्मूथ फाइल (बारीक दात्यांची) कुठे वापरली, तर मला सांगता आलं आणि जॉब करून घेतलेल्या दोघी गप्प. पुढे त्यांतली एक 'मला हे जमत नाही' म्हणून दुसऱ्या वर्षाला सोडून गेली. जमत होतं की नाही हे कळायला हातात फाइल तरी मिळायला हवी होती.

तर कॉलेजमध्ये गेल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलींना गाठा आणि सरांच्या समोर विचारू नका, कँटीनला विचारा. प्रॅक्टिकलला मशीन कोण चालवतं, तुम्ही का फक्त रीडिंग लिहिता? प्रोजेक्टच्या ग्रुपात तुम्हाला काय काम देतात, रिपोर्ट टाइप करायचं आणि पीपीटी बनवायचंच का? इंडस्ट्रियल व्हिजिटला मुलींना नेतात का? होस्टेलचं गेट किती वाजता बंद होतं आणि मुलांचं किती वाजता? हे शेवटचं विचाराच, कारण लायब्ररी रात्री अकरापर्यंत उघडी आणि मुलींचं गेट आठला बंद, तर ती लायब्ररी कुणासाठी आहे ते कळतं. आणि शक्य झालं तर एक अशी मुलगी शोधा जिने ती ब्रँच सोडली. टॉपर सगळं गोड सांगते.

घरात मुलींचंच कॉलेज असेल तर पाठवू असं म्हणणारे असतील तर तोही मार्ग आहे, नाक मुरडू नका. पुण्यात कर्वे संस्थेचं कमिन्स इंजिनिअरिंग कॉलेज १९९१ पासून चालू आहे, मुंबईत एसएनडीटीचं उषा मित्तल आहे, डिप्लोमाला लातूर, यवतमाळ, तासगावला मुलींची सरकारी निवासी तंत्रनिकेतनं आहेत. तिथे एक फायदा असा की मशीनवर मुलीच असतात, दुसरं कुणी नसतंच जॉब करून द्यायला. सगळ्या ब्रँच मात्र मिळतील असं नाही, ते आधी बघून घ्या.

ऑप्शन फॉर्म कुणी भरायचा

सायबर कॅफेतलं नेहमीचं चित्र असं: वडील खुर्चीवर, कॅफेवाला माऊसवर, आणि जिची ॲडमिशन आहे ती मागे स्टुलावर फाइल मांडीवर घेऊन. कॅफेवाला विचारतो, काय टाकू, वडील सांगतात. हे उलटं करा. मुलीने आदल्या रात्री घरी कागदावर क्रम लिहायचा, आवडीप्रमाणे, कटऑफ न बघता. मग दुसऱ्या रंगाच्या पेनाने घरच्यांनी काय बदलायचंय ते सांगायचं, आणि प्रत्येक बदलाला कारण तिथेच लिहायचं. 'लांब आहे' चालेल. 'मुलींना कोण घेतं' हे चालणार नाही, कोण घेतं आणि कोण नाही ते कॉलेजच्या प्लेसमेंट सेलला फोन करून विचारा.

कटऑफ बघताना बरेच जण एक चूक करतात, फक्त जनरल कॉलम बघून नाद सोडतात. कॅपच्या (राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) यादीत जी ने सुरू होणारे कोड आणि एल ने सुरू होणारे कोड वेगळे असतात, म्हणजे जीओपीईएन आणि एलओपीईएन, तसंच ओबीसी, एससी सगळ्यांचं. एल म्हणजे लेडीज, ३० टक्के जागा तशा राखीव असतात. कॉम्पला दोन्ही कटऑफ जवळजवळ सारखेच येतात कारण मुलींची झुंबड तिथे. पण मेक, सिव्हिल, इलेक्ट्रिकलला बऱ्याच कॉलेजांत एलचा आकडा बराच खाली असतो, कारण अर्जच कमी, आणि मुलगी नाही आली तर ती जागा मुलांकडे जाते. म्हणजे तेवढ्याच मार्कांत जी मुलगी आडबाजूच्या कॉलेजला कॉम्प घेऊन बसते तिला नामांकित सरकारी कॉलेजात इलेक्ट्रिकल मिळू शकलं असतं, असं घडतं. घ्यायचं की नाही तुमचं तुम्ही ठरवा, पण बघा तरी. आणि क्रम लावताना जपून, पहिल्या राउंडला पहिलाच ऑप्शन लागला तर तो आपोआप फ्रीझ होतो, म्हणजे पक्का होतो आणि पुढच्या राउंडला बदलता येत नाही, मग रडून उपयोग नाही, म्हणून पहिल्या नंबरला 'घराजवळचं' टाकायच्या आधी दोनदा विचार करा.

आयआयटी-एनआयटीचा विचार असेल तर तिथेपण मुलींच्या जागा वेगळ्या आहेत, २०१८ पासून. त्याआधी आयआयटीत मुली आठ-नऊ टक्के होत्या, मग जादा जागा काढून ते प्रमाण वीसपर्यंत न्यायचं ठरलं. ह्या जागा वरच्या आहेत, कुणा मुलाची कापून दिलेली नाही, हे शेजारच्या काकांना सांगायला उपयोगी पडतं.

पैसे

इथे पटकन सांगते. २०२४-२५ पासून राज्यात ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल आणि ॲडमिशन कॅपमधून असेल तर, व्यावसायिक कोर्सची ट्यूशन फी आणि परीक्षा फी माफ आहे. मॅनेजमेंट कोटा, खाजगी अभिमत आणि खाजगी विद्यापीठं ह्यात येत नाहीत. डेव्हलपमेंट फी, होस्टेल, मेस हे माफ नाही, त्यामुळे 'सगळं फुकट' समजून जाऊ नका, काऊंटरवर आकडा ऐकून घाम फुटतो. एससी-एसटीच्या योजना वेगळ्या आहेतच. शिवाय तंत्रशिक्षण बघणाऱ्या केंद्राच्या एआयसीटीईची प्रगती स्कॉलरशिप आहे, डिग्री आणि डिप्लोमा दोन्हीसाठी, वर्षाला ५० हजार, फक्त मुलींना, एका घरातल्या दोघींपर्यंत. दाखले मेमध्येच काढून ठेवा, जूनला सेतूमध्ये मुंगी शिरायला जागा नसते.

आणि एक आतली गोष्ट. माफी आली म्हणून काही घरांत असं झालंय की पोरीसाठी 'माफीत बसेल ते' आणि पोरासाठी मॅनेजमेंट कोट्यातून पाच-सात लाख. त्या वहीच्या पानावर हेपण लिहा, दोघांवर मिळून किती खर्च करणार, आकड्यात.

पोरांचं काय

पोरांचा विषय कुणी काढतच नाही. मुलीने मेकॅनिकल घेतलं तर निदान 'धाडसी आहे' म्हणतात, मुलाने नर्सिंग घेतलं तर मामा विचारतो, डॉक्टरकी नाही जमली का? माझ्या ओळखीत एक मुलगा आहे, आजी आजारी असताना दीड वर्ष तिचं सगळं त्याने केलं, इन्सुलिन, जखमेचं ड्रेसिंग, कूस बदलणं, सगळं, आणि ते करताना त्याचा हात इतका हलका की भेटायला आलेल्या सिस्टरने विचारलं तू शिकलायस का. त्याला त्याच वर्षी घरच्यांनी इंजिनिअरिंगला घातलं. त्याचे बॅकलॉग मोजायला मला बोलावलं होतं.

बीएस्सी नर्सिंग मुलांना खुलं आहे, त्याची राज्याची वेगळी सीईटी असते, एएनएम हा नर्सिंगचा छोटा कोर्स तेवढा फक्त मुलींना. काही कॉलेजं मुलींचीच असतात, ती यादीत बघून घ्या. खरी अडचण सरकारी भरतीत आहे आणि ती लपवू नये, एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरतीत २०१९ पासून ८० टक्के जागा बायकांना आणि २० पुरुषांना असा हिशोब चालत आलाय, त्यावरून कोर्टबाजीपण झालीये, त्यामुळे अर्ज भरताना त्या वर्षीची जाहिरात वाचा. खाजगीत मात्र ऑर्थो, कॅज्युअल्टी, मानसोपचाराच्या वॉर्डला पुरुष नर्स लागतातच.

गावाकडे दुसराच प्रकार, पोरगा अकरावी आर्ट्सला जातो ते इतिहासाची आवड म्हणून नाही, पोलीस भरतीच्या तयारीला दिवस मोकळा मिळतो म्हणून. सकाळी ॲकॅडमी, १६०० मीटर, गोळाफेक, आणि कॉलेजला फक्त हजेरी. २०२५ ला सायन्स ९७.३५ टक्के लागलं आणि आर्ट्स ८०.५२, त्यात ही पोरं किती ते वेगळं मोजत नाही कुणी. भरती नाही झाली तर पुढे काय, हा प्रश्न त्यालापण त्याच वहीच्या पानावर विचारा, आणि तिथे प्रश्न उलटा करा: हेच बहिणीला चाललं असतं का?

आणि पोरीच्या बाबतीत 'सेफ' म्हणून डीएड-बीएडला घालणाऱ्यांनी गल्लीतल्या डीएड झालेल्या बायका मोजाव्यात. २०१२ नंतर शिक्षकभरती वर्षानुवर्षं रखडली, टीईटी, पवित्र पोर्टल, सगळ्यातून जाऊन कितीजणी घरीच बसल्या. शिकवायची आवड असेल तर जरूर घाला, पण सेफ म्हणून घालू नका.

पाहुण्यांना काय सांगायचं

'मुलीला कंपनीत नाइट शिफ्ट कशी जमणार?' हा हमखास येतो. पूर्वी फॅक्टरी ॲक्टमध्ये बायकांना संध्याकाळी सातनंतर कामावर ठेवताच येत नव्हतं, आता आपल्या राज्यात सुरक्षेच्या आणि गाडीच्या अटी घालून परवानगी आहे. १९७४ ला टेल्कोच्या (आताच्या टाटा मोटर्सच्या) जाहिरातीत 'महिला उमेदवारांनी अर्ज करू नये' असं छापलेलं, सुधा मूर्तींनी त्यावरून जेआरडी टाटांना पोस्टकार्ड टाकलं तो किस्सा सगळ्यांना माहितीये. त्याच कंपनीच्या पुण्यातल्या कारखान्यात आज गाड्यांची एक अख्खी लाइन बायका चालवतात.

'इलेक्ट्रिकल घेऊन काय खांबावर चढणार का?' ह्याला माझं ठरलेलं उत्तर आहे. साताऱ्याच्या सुरेखा यादव, कराडच्या सरकारी पॉलिटेक्निकमधून इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा, १९८० च्या दशकात रेल्वेत लागल्या, आशियातल्या पहिल्या महिला रेल्वे ड्रायव्हर म्हणून नाव झालं आणि २०२३ ला सोलापूरहून मुंबईला वंदे भारत घेऊन गेल्या. खांबावर नाही चढल्या. लग्नाचं विचारणाऱ्यांना मात्र माझ्याकडे उत्तर नाही, चहा दिला की ते जातात.

आता शेवटचं आणि सगळ्यात साधं काम. रजिस्ट्रेशन करताना मोबाइल नंबर आणि मेल आयडी ज्याची ॲडमिशन त्याचाच टाका, आणि पासवर्ड त्यानेच ठेवा. दोन वर्षांपूर्वी एका मुलीने रात्री सगळा क्रम लावून ठेवला, पहिलं ईएनटीसी, दुसरं इन्स्ट्रुमेंटेशन, आणि सकाळी बघते तर एक ते सहा सगळं गावाजवळचं कॉम्प, फॉर्म कन्फर्म झालेला. ओटीपी काकांच्या फोनवर जात होता. तेव्हा फॉर्म कन्फर्म केल्यावर प्रिंट काढा, त्या आदल्या रात्रीच्या कागदाशी ओळ न ओळ ताडून बघा, आणि मुदत संपायच्या दिवशी संध्याकाळी परत एकदा लॉगिन करून बघा.